युरोपातील युवा-सहभागाचे धोरण : एक चिकित्सा

प्रस्तावना

लोकशाही शासनव्यवस्था केवळ संविधानातील कलमांच्या आधारे टिकून राहत नाही. प्रत्येक नव्या पिढीने ती आपली मानावी लागते. ज्या पिढीला मताधिकार मिळाला आहे, परंतु तो बजावण्याची निकड वाटत नाही, त्या पिढीच्या लेखी लोकशाही हा वाडवडिलांकडून आलेला वारसा राहतो. तो तिचा स्वतःचा व्यवहार होत नाही. ही चिंता युरोपात विसाव्या शतकाच्या अखेरीस तीव्र झाली. युरोपीय संसदेच्या १९७९ मधील पहिल्या थेट निवडणुकीत सुमारे ६२ टक्के मतदान झाले होते. १९९९ मध्ये हे प्रमाण प्रथमच ५० टक्क्यांच्या खाली आले आणि २०१४ मध्ये ४२.६१ टक्क्यांपर्यंत घसरले. त्या वर्षी १८ ते २४ या वयोगटातील मतदान सुमारे २८ टक्केच होते. २०१९ मध्ये परिस्थिती सुधारली. एकूण मतदान ५० टक्क्यांच्या वर गेले आणि पंचवीस वर्षांखालील मतदारांचे प्रमाण ४२ टक्क्यांवर पोहोचले. मात्र २०२४ मध्ये एकूण मतदान जवळजवळ तेवढेच राहिले असताना तरुणांचे मतदान ३६ टक्क्यांपर्यंत खाली आले.

या आकड्यांची दुसरी बाजू अशी की, याच काळात युरोपीय संस्थांनी युवकांच्या सहभागासाठी जेवढे ठराव, सनदा, निधी आणि कार्यक्रम निर्माण केले, तेवढे यापूर्वी कधीही झाले नव्हते. प्रयत्न वाढत असताना फळ अस्थिर का राहिले, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. प्रस्तुत निबंधात या धोरणाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. युरोपीय संस्थांनी तरुणांचे ऐकून घेण्याची विस्तृत यंत्रणा उभारली, परंतु ऐकल्यानंतर उत्तर देण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले नाही, हे या चिकित्सेचे मुख्य प्रतिपादन आहे.

धोरणाची जडणघडण

या विषयाचा विचार करताना दोन संस्थांमधील भेद ध्यानात घेणे आवश्यक ठरते. १९४९ मध्ये स्थापन झालेली ‘युरोप परिषद’ मानवी हक्क व लोकशाही यांसाठी कार्य करते. तिचे मुख्यालय स्ट्रासबर्ग येथे असून आज तिची ४६ सदस्य राष्ट्रे आहेत. ‘युरोपीय संघ’ ही २७ राष्ट्रांची स्वतंत्र राजकीय व आर्थिक संघटना होय. युवक-धोरणाचा आरंभ युरोप परिषदेत झाला. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनांनी पश्चिम युरोपातील प्रस्थापित राजकारणाला हादरा दिला. त्यानंतर काही वर्षांतच, म्हणजे १९७२ मध्ये, परिषदेने स्ट्रासबर्ग येथे युरोपीय युवा केंद्र आणि त्याच्या जोडीला युरोपीय युवा निधी सुरू केला. रस्त्यावर उतरलेल्या पिढीला संस्थेच्या आत जागा करून देण्याचा हा प्रयत्न होता.

परिषदेने स्थानिक व प्रादेशिक जीवनातील युवा-सहभागासंबंधी १९९२ मध्ये सनद स्वीकारली आणि २००३ मध्ये ती सुधारली. सुधारित सनदेनुसार खऱ्या सहभागासाठी पाच गोष्टी लागतात : हक्क, साधने, अवकाश, संधी आणि आधार. ही मांडणी मोलाची आहे. कारण तरुण उदासीन आहेत असा ठपका ठेवण्यापूर्वी त्यांना यांपैकी काय उपलब्ध आहे, हे तपासण्याची जबाबदारी ती शासनसंस्थेवर टाकते.

युरोपीय संघाने हा विषय गांभीर्याने हाती घेतला तो युरोपीय आयोगाच्या नोव्हेंबर २००१ मधील श्वेतपत्रिकेद्वारे. ‘युरोपीय युवकांसाठी नवी चालना’ अशा आशयाचे तिचे शीर्षक होते आणि सहभाग, माहिती, स्वयंसेवा व युवकांविषयीचे सखोल आकलन असे चार अग्रक्रम तिने निश्चित केले. अंमलबजावणीसाठी मात्र तिने ‘खुली समन्वय पद्धती’ स्वीकारली. सदस्य राष्ट्रांनी समान उद्दिष्टे ठरवावीत, परस्परांचे अनुभव जाणून घ्यावेत, अहवाल सादर करावेत. परंतु कोणावरही कायदेशीर सक्ती असू नये, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. पुढे २००५ मध्ये फ्रान्स व नेदरलँड्स येथील मतदारांनी युरोपीय संविधानाचा मसुदा सार्वमताने फेटाळला. फ्रान्समधील तरुण मतदारांतही नकाराचे पारडे जड होते. या धक्क्यानंतर ‘संवाद’ हा शब्द संघाच्या कारभारात परवलीचा झाला. डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या लिस्बन करारामुळे युवकांच्या लोकशाही जीवनातील सहभागाला उत्तेजन देणे हे संघाचे कार्य असल्याचे मूळ करारातच नमूद झाले. तथापि त्याच कलमाने या क्षेत्रात सदस्य राष्ट्रांचे कायदे एकसारखे करण्यास मनाई केली आहे. उत्तेजन देता येते, बंधन घालता येत नाही, ही या धोरणाची जन्मजात मर्यादा होय.

सहभागाची शिडी

सहभागाची प्रत तपासण्यासाठी रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मांडलेली ‘सहभागाची शिडी’ ही संकल्पना उपयुक्त ठरते. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाविषयी मांडलेल्या शिडीचा हार्ट यांनी मुले व तरुण यांच्या संदर्भात विस्तार केला. या शिडीला आठ पायऱ्या आहेत. तळाच्या तीन पायऱ्यांवर मुलांचा हस्तक म्हणून वापर, शोभेपुरता वापर आणि नाममात्र उपस्थिती हे प्रकार येतात. त्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. मधल्या पायऱ्यांवर सल्लामसलत येते. तेथे तरुणांना प्रक्रियेची पूर्ण माहिती असते आणि त्यांचे मत गांभीर्याने घेतले जाते. सर्वांत वरच्या पायऱ्यांवर तरुण पुढाकार घेतात आणि वडीलधाऱ्यांबरोबर निर्णयात वाटेकरी होतात.

या कसोटीवर पाहता युरोप परिषदेची ‘सहव्यवस्थापन’ पद्धती उच्च पायरीवर असल्याचे दिसून येते. युवा संघटनांचे ३० प्रतिनिधी असलेली सल्लागार परिषद आणि शासकीय प्रतिनिधींची सुकाणू समिती एकत्र बसून युवा-विभागाचे अग्रक्रम व खर्च ठरवितात. येथे तरुण केवळ निवेदन देत नाहीत, निर्णय घेतात. मात्र हा निर्णयाधिकार युवा-विभागाच्या कार्यक्रमांपुरता व अंदाजपत्रकापुरता सीमित आहे. रोजगार, घरभाडे, शिक्षणाचा खर्च, हवामान किंवा स्थलांतर यांविषयीचे निर्णय त्या सभागृहात होत नाहीत. उलट युरोपीय संघातील ‘संरचित संवादा’त हे सर्व विषय चर्चेला येऊ शकतात, परंतु तेथे निर्णयाधिकार नाही. अधिकार आणि क्षेत्र यांचे हे व्यस्त प्रमाण म्हणजे युरोपीय युवा-धोरणाचा मूलभूत दोष होय. जेथे सत्ता खरी आहे तेथे तिचे क्षेत्र लहान आहे; जेथे क्षेत्र विशाल आहे तेथे केवळ सल्ला आहे.

संवाद आणि चौक

या दोषाचा प्रत्यय २०१० ते २०१३ या काळात आला. संघाच्या २०१० ते २०१८ या कालखंडासाठीच्या युवा-सहकार्य आराखड्यात संरचित संवादाची दीड-दीड वर्षाची आवर्तने निश्चित झाली होती. प्रत्येक देशातील कार्यगट तरुणांची मते गोळा करीत, युवक-प्रतिनिधी व शासकीय अधिकारी परिषदांत एकत्र येत आणि त्यातून तयार झालेल्या शिफारशी मंत्रिपरिषदेकडे जात. जानेवारी २०१० ते जून २०११ या पहिल्या आवर्तनाचा विषय होता युवकांचा रोजगार. विषयाची निवड अचूक होती. परंतु हे आवर्तन संपण्याच्या सुमारासच, १५ मे २०११ पासून, माद्रिद येथील पुएर्ता देल सोल चौकात हजारो तरुणांनी ठाण मांडले. प्रचलित पक्ष आपले प्रतिनिधित्व करीत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. २०१३ मध्ये स्पेन व ग्रीस या देशांत श्रमबाजारातील पंचवीस वर्षांखालील निम्म्याहून अधिक तरुण बेरोजगार होते.

एकाच वेळी, एकाच विषयावर, सभागृहात संवाद आणि चौकात संताप चालू होता. तरुणांचे भवितव्य ठरविणारे खर्चकपातीचे निर्णय अर्थमंत्र्यांच्या बैठकांत होत होते आणि युवा-संवादाचा त्या बैठकांशी कोणताही बंधनकारक दुवा नव्हता. या विधानाला एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. एप्रिल २०१३ मध्ये मंत्रिपरिषदेने ‘युवा हमी’ची शिफारस स्वीकारली. त्यानुसार पंचवीस वर्षांखालील तरुणाला बेरोजगार झाल्यापासून किंवा औपचारिक शिक्षण सोडल्यापासून चार महिन्यांच्या आत नोकरी, पुढील शिक्षण, उमेदवारी किंवा प्रशिक्षण देऊ करावे, असे ठरले. २०२० मध्ये ही वयोमर्यादा तीस वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. युवा संघटना अशा हमीची मागणी आधीपासून करीत होत्या. तरीही हे पाऊल पडले ते बेरोजगारीने परिसीमा गाठल्यावर. ऐकण्याच्या यंत्रणेमुळे ते किती पडले आणि चौकांतील असंतोषाच्या दडपणामुळे किती, असा संशय राहतो. हा संशयच लोकशाहीच्या दृष्टीने घातक आहे. कारण निवेदनापेक्षा ठिय्या अधिक परिणामकारक ठरतो, असा धडा तरुणांना त्यातून मिळतो.

सहभागी कोण?

सहभागाच्या धोरणाची दुसरी मर्यादा सामाजिक आहे. संवादाच्या परिषदांत येणारे तरुण बहुधा संघटनांचे सभासद, उच्चशिक्षित, एकाहून अधिक भाषा जाणणारे आणि प्रवासाची सवय असलेले असतात. कारखान्यात उमेदवारी करणारा, शाळा अर्धवट सोडलेला, स्थलांतरितांच्या वस्तीत किंवा आडवळणाच्या गावात राहणारा तरुण त्या सभागृहात क्वचितच आढळतो. संवादाची यंत्रणा युवक या नावाने ज्याला ओळखते, तो युवकवर्गाचा एक सुस्थित भाग असतो.

१९८७ मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस विनिमय योजनेच्या बाबतीतही हाच प्रश्न उद्भवतो. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. आज तिचा विस्तार प्रचंड आहे आणि व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांनाही तिचे दार उघडले आहे. युरोपीय नागरिकत्वाची भावना रुजविणारी योजना म्हणून तिचा गौरव केला जातो. थेरेसा कून यांनी २०१२ मध्ये या समजुतीची चिकित्सा केली. विद्यापीठीय विनिमय योजना प्रामुख्याने अशा विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात, ज्यांच्या मनात युरोपविषयी आपलेपणा असण्याची शक्यता आधीच अधिक असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्यांना या अनुभवाची अधिक गरज आहे ते बाहेर राहतात. प्रवास करू शकणाऱ्यांचा युरोप आणि जागेवर राहणाऱ्यांचा युरोप अशी फूट त्यामुळे सहभागाच्या क्षेत्रातही पडते.

या दृष्टीने ‘युरोपच्या भवितव्यावरील परिषद’ हा वेगळा प्रयोग उल्लेखनीय आहे. मे २०२१ ते मे २०२२ या काळात झालेल्या या उपक्रमात ८०० नागरिकांची निवड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने झाली आणि त्यांतील एक तृतीयांश व्यक्ती १६ ते २५ वयोगटातील असाव्यात असा नियम होता. संघटनेचे सभासदत्व ही येथे प्रवेशाची अट नव्हती. परिषदेने ४९ प्रस्ताव सादर केले. निवडीचा प्रश्न येथे बऱ्याच अंशी सुटला. प्रस्तावांचे पुढे काय होणार, याचा निर्णय मात्र पुन्हा संस्थांच्याच हाती राहिला.

मताधिकाराचा प्रश्न

संवादाहून भिन्न मार्ग ऑस्ट्रियाने निवडला. २००७ मध्ये त्या देशाने राष्ट्रीय निवडणुकांसाठी मतदानाचे वय १६ वर्षांवर आणले. असे करणारा युरोपीय संघातील तो पहिला देश होय. या वयातील मुलांना राजकारणाची समज नसते, हा यावरील नेहमीचा आक्षेप आहे. मार्कुस वॅग्नर, डेव्हिड योहान व सिल्व्हिया क्रिट्झिंगर या अभ्यासकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ऑस्ट्रियातील अनुभवाच्या आधारे हा आक्षेप तपासला. अठरा वर्षांखालील मतदारांचे कमी मतदान त्यांच्या असमर्थतेने किंवा अनिच्छेने स्पष्ट होत नाही आणि त्यांची पक्षनिवड त्यांच्या स्वतःच्या मतांशी इतरांइतकीच सुसंगत असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुढे माल्टानेही हाच मार्ग स्वीकारला. २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत ऑस्ट्रिया, माल्टा, बेल्जियम व जर्मनी येथे १६ व्या वर्षी, तर ग्रीसमध्ये १७ व्या वर्षी मतदान करता आले. संघातील उर्वरित देशांत १८ वर्षांची अट कायम होती. सर्वत्र १६ वर्षे ही मर्यादा असावी, असा प्रस्ताव युरोपीय संसदेने मे २०२२ मध्ये संमत केला होता. तो त्या निवडणुकीपूर्वी अमलात येऊ शकला नाही.

ऐकणे आणि अधिकार देणे यांतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हवामान बदलाविरुद्ध शालेय आंदोलन सुरू करणाऱ्या ग्रेटा थुनबर्ग यांनी १६ एप्रिल २०१९ रोजी स्ट्रासबर्ग येथे युरोपीय संसदेच्या पर्यावरण समितीपुढे भाषण केले. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत त्यांना स्वदेशी, स्वीडनमध्ये, मत देता आले नाही. कारण तेथे मतदानाचे वय १८ होते. ज्या संसदेने त्यांना सन्मानाने पाचारण केले, त्या संसदेच्या घडणीत त्यांना वाटा नव्हता. उमेदवारीच्या वयाबाबतही असेच म्हणता येईल. इटली व ग्रीस या देशांत युरोपीय संसदेची निवडणूक लढविण्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. लोकसभेच्या उमेदवारीसाठी भारतीय संविधानाने ठरविलेले वयही तेवढेच आहे. इटलीच्या वरिष्ठ सभागृहासाठी तर मतदानाचे वयच २०२१ पर्यंत २५ होते.

नको असलेले उत्तर

मताधिकार विस्तारला की तरुण पुरोगामी व युरोपनिष्ठ पक्षांकडे वळतील, अशी एक सुप्त अपेक्षा या धोरणाच्या पुरस्कर्त्यांत आढळते. जर्मनीतील २०२४ च्या निकालाने या अपेक्षेला छेद दिला. मतदानोत्तर पाहणीनुसार २०१९ मध्ये २५ वर्षांखालील मतदारांपैकी सुमारे ३४ टक्क्यांनी ग्रीन पक्षाला पसंती दिली होती. २०२४ मध्ये हे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर आले. ‘जर्मनीसाठी पर्याय’ या अतिउजव्या पक्षाची या वयोगटातील मते मात्र ५ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेली. छोट्या पक्षांनाही तरुणांनी लक्षणीय प्रमाणात मते दिली.

या निकालानंतर सोळा वर्षांच्या मुलांना मत देणे ही चूक होती, असा सूर काही ठिकाणी उमटला. हा सूर तपासून पाहिला पाहिजे. हा पक्ष प्रौढांच्या मतांवरच मोठा झाला आहे. त्यासाठी प्रौढांचा मताधिकार काढून घ्यावा असे कोणी म्हणत नाही. तरुणांच्या मताला अपेक्षित उत्तराची अट घालणे म्हणजे त्यांना नागरिक न मानता परीक्षार्थी मानणे होय. सहभागाच्या धोरणाची कसोटी येथेच लागते. सुखद मते ऐकणे कोणत्याही संस्थेला जमते. जी मते संस्थेच्या मूल्यांना आव्हान देतात, त्यांच्यामागची असुरक्षितता, घरांची टंचाई, युद्धाची भीती व पक्षांविषयीचा अविश्वास समजून घेऊन त्यांना युक्तिवादाने सामोरे जाणे कठीण असते. लोकशाही शिक्षणाचा खरा आशयही तोच आहे.

आक्षेप आणि त्याचा परामर्श

युवा-संवादाच्या शिफारशी बंधनकारक का नाहीत, या प्रश्नावर एक सबळ युक्तिवाद केला जातो. संवादात भाग घेणारे तरुण निवडून आलेले नसतात. त्यांच्या शिफारशींनी निर्वाचित संसद बांधली गेली तर तेच लोकशाहीविरोधी ठरेल. हा युक्तिवाद मान्य करावा लागतो. परंतु शिफारस मान्य करण्याचे बंधन आणि शिफारशीला सकारण उत्तर देण्याचे बंधन या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरे बंधन युरोपीय कायद्याला अपरिचित नाही. २०१२ पासून अस्तित्वात असलेल्या ‘युरोपीय नागरिक पुढाकार’ या तरतुदीनुसार किमान सात सदस्य राष्ट्रांतून आवश्यक त्या संख्येने मिळून दहा लाख नागरिकांनी एखादी मागणी केल्यास, युरोपीय आयोगाला तीवर कार्यवाही करणार की नाही हे कारणांसह जाहीर करावे लागते. २०२० पासून लागू झालेल्या नव्या नियमांत त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. मागणी नाकारण्याचा अधिकार आयोगाकडे आहे. मौन बाळगण्याचा नाही. हेच तत्त्व युवा-संवादाला लागू करण्यास कोणतीही तात्त्विक अडचण दिसत नाही.

२०१९ ते २०२७ या काळासाठीच्या युवा रणनीतीत अकरा ‘युरोपीय युवा उद्दिष्टां’चा समावेश झाला. हजारो तरुणांशी झालेल्या संवादातून ती आकाराला आली आहेत. २०२२ हे वर्ष ‘युरोपीय युवा वर्ष’ म्हणून साजरे झाले आणि त्याचे फलित म्हणून, धोरण आखताना त्याचा तरुणांवर काय परिणाम होईल हे तपासण्याची पद्धत युरोपीय आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली. ही दिशा योग्य आहे. तथापि ही तपासणी करणारा आयोगच असणार आणि तिचे निष्कर्ष तरुणांना लेखी कळविण्याचे बंधन नसणार, तर जुना दोष नव्या नावाने पुढे चालू राहील.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, युरोपातील युवा-सहभागाच्या धोरणात सद्हेतूची, निधीची किंवा कल्पकतेची उणीव नाही. उणीव आहे ती उत्तरदायित्वाची. सहव्यवस्थापनात अधिकार आहे, पण क्षेत्र अपुरे आहे; संवादात क्षेत्र आहे, पण अधिकार नाही; विनिमय योजनांत अनुभव आहे, पण तो सर्वांपर्यंत समप्रमाणात पोहोचत नाही. मताधिकारात मात्र अधिकार व क्षेत्र एकत्र येतात. कारण मतदाराला उत्तर देणे कोणत्याही राजकीय पक्षाला टाळता येत नाही. त्यामुळे मतदानाचे वय कमी करणे, संवादातील शिफारशींना ठरावीक मुदतीत सकारण लेखी उत्तर देणे आणि संघटनांबाहेरील तरुणांना यादृच्छिक निवडीने सामावून घेणे या तीन सुधारणा परस्परपूरक ठरतात.

२०२४ मध्ये मतदान केंद्राकडे न फिरकलेल्या तरुणांची उदासीनता हा केवळ त्यांच्या वृत्तीचा प्रश्न नाही. ज्याला वारंवार विचारले जाते आणि एकदाही कळविले जात नाही, तो कालांतराने बोलणे सोडतो, किंवा केवळ ओरडणाऱ्यांच्या मागे जातो. नाकारलेल्या शिफारशीचे कारण ज्या तरुणाला समजते, तो पुन्हा चर्चेला येण्याची शक्यता असते. युरोपीय लोकशाहीला या पिढीचा सहभाग हवा असेल, तर तिच्यापुढे नवी प्रश्नावली ठेवण्यापूर्वी मागच्या प्रश्नावलीचे काय झाले, हे तिला सांगावे लागेल.